विहीणबाईंचं 'उस्तेद'

नेदरलँड्सला जाऊन आले म्हटलं की लोक आधी ट्युलिपचे फोटो मागतात. माझ्याकडे एकही नाही. एक तर मी ऑक्टोबरात गेले होते, आणि दुसरं म्हणजे फुलं बघायला गेलेच नव्हते. मी गेले होते मुलाच्या लग्नाला, आणि सहाव्या दिवशी ते लग्न मीच जवळजवळ मोडून बसले होते. पवनचक्क्या आणि कालवे ज्यांना हवेत त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं.

आधी माझ्याबद्दल सांगते, नाहीतर पुढचा घोळ कळायचा नाही. मी पुण्यात अठ्ठावीस वर्षं स्पॅनिश शिकवलं. तरुणपणी तीन महिने स्पेनमध्ये, सालामांकाला राहिले होते. त्या तीन महिन्यांवर मी आयुष्यभर रुबाब केला हे कबूल करते. वर्गात मी फळ्यावर नकाशा काढायचे. स्पॅनिशमध्येही जवळच्या माणसाला 'तू'च म्हणतात, अगदी आपल्यासारखं, हे सांगितलं की मुलं खूश व्हायची. मग अर्जेंटिनाभोवती खडूने गोल करून म्हणायचे, "हे लोक 'तू'च्या जागी 'वोस' म्हणतात." आणि उरलेल्या अख्ख्या खंडावरून हात फिरवून सांगायचे, "बाकी सगळीकडे सोपं आहे. जवळच्याला तू, परक्याला आणि मोठ्याला उस्तेद, म्हणजे आपलं तुम्ही." अठ्ठावीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने शंका काढली नाही, त्यामुळे माझी स्वतःचीही खात्री पटली होती.

फेल्डहोवन, पहिले चार दिवस

माझा मुलगा निखिल फेल्डहोवनला असतो. चिप बनवण्याची यंत्रं जिथे तयार होतात त्या कंपनीत तो इंजिनिअर आहे, आणि त्या गावात इतके इंजिनिअर आहेत की पावाच्या रांगेतसुद्धा मायक्रॉनच्या गोष्टी ऐकू येतात. लहानपणी त्याने माझ्याकडून स्पॅनिशचं एक क्रियापद शिकून घेतलं नाही. मोठेपणी मात्र पाओलाकडून अख्खी भाषा शिकला. पाओला कोलंबियाची, बोयाका नावाच्या डोंगराळ प्रांतातली. आइंडहोवनच्या विद्यापीठात संशोधन करते. दोघं तीन वर्षं एकत्र राहतात, आणि मी पोचल्यापासून दहा दिवसांनी, शुक्रवारी सकाळी, खेमेंतेत म्हणजे तिथल्या नगरपालिकेत त्यांचं लग्न लागणार होतं.

लग्नाला मोठी माणसं दोनच, दोघांच्या आया. आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे हे पुण्यातच राहिले. पाओलाचे वडील हयात नाहीत. तिची आई, रोसाल्बाबाई, माझ्या आधी दोन दिवस येऊन पोचली होती. ठेंगणी, गोरीपान, गालांवर डोंगरातल्या थंडीची लाली. अंगावर रुआना, म्हणजे आपली घोंगडीच, फक्त मधोमध डोकं घालायला चीर. मी तीन स्वेटर घालून कुडकुडत होते आणि ही बाई अंगणात अनवाणी उभी राहून कपडे वाळत घालत होती. ते कपडे तिथल्या हवेत वाळत नाहीत, हे तिला कुणी सांगत नव्हतं.

मी तिला सालामांकाच्या थाटात नमस्कार-चमत्कार केले. ती ऐकतच राहिली.

"काय सुंदर बोलता!" ती म्हणाली. "अगदी टीव्हीवरच्या बायकांसारखं."

"मला तू म्हण," मी लगेच म्हणाले. "आपण आता घरच्या झालो."

ती जराशी थांबली, हसली, आणि 'तू' म्हणू लागली. पण दुसऱ्याची चप्पल घालून चालावं तसं चाललं होतं तिचं. मला वाटलं, खेड्यातली बाई आहे, बुजली असेल. पाओलालाही मी 'मला तू म्हण' असंच सांगितलं. घरून निघतानाच मी ठरवलं होतं की सुनेशी अंतर ठेवायचं नाही. मी माझ्या सासूबाईंना एकतीस वर्षं 'अहो आई' म्हणत आले. माहेरच्या आईला 'अगं आई', सासरच्या आईला 'अहो आई'. त्या 'अहो'ची भिंत शेवटपर्यंत पडली नाही, त्या गेल्या तरी नाही. माझी सून मला 'अगं आई' म्हणेल, हे निखिल पाळण्यात होता तेव्हापासून माझ्या मनात पक्कं होतं.

पहिले दिवस मजेत गेले. दुसऱ्या सकाळी रोसाल्बाबाईंनी न्याहारीला चांग्वा केला. दूध उकळवून त्यात अंडं फोडतात, मीठ घालतात आणि वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर. मी अंडं खाते, दूध पिते, कोथिंबिरीशिवाय माझं पान हलत नाही. पण ही तिघं एका वाडग्यात भेटतील असं कधी वाटलं नव्हतं. डोळे मिटून दोन चमचे गिळले आणि तिसऱ्यापासून आवडायला लागलं. उत्तर म्हणून मी थालीपीठ लावलं. त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि "ही आमचीच आरेपा, फक्त रागावलेली," असा शेरा मारला. आरेपा म्हणजे त्यांची मक्याची जाड भाकरी. तिखट जरा जास्त झालं होतं खरं.

तिसऱ्या दिवशी मी सायकलवरून पडले. तिथल्या पुष्कळ सायकलींच्या हँडलला ब्रेकच नसतो, पॅडल उलटं मारलं की चाक थांबतं. हे निखिलने सांगितलं होतं, पण मी "मला सायकल शिकवतोस का?" म्हणून उडवून लावलं. पुण्यात उतारावर आपण सवयीने पॅडल उलटं फिरवत जातो. तेच केलं आणि सायकल जागच्या जागी उभी राहिली, मी मात्र पुढे कुंपणाच्या झुडपात गेले. एक डच आजोबा थांबले, मला उचललं, सायकल तपासली आणि इंग्रजीत म्हणाले, "सायकल ठीक आहे." माझी चौकशी त्यांनी केली नाही. मला ते लोक आवडले. निखिल त्याच्या साहेबांच्या साहेबाला पहिल्या नावाने हाक मारतो, एकेरी बोलतो, आणि साहेब त्याला कॉफी आणून देतो. असा देश.

आता मूळ मुद्द्यावर येते. निखिल आणि पाओला एरवी एकमेकांशी इंग्रजीत बोलतात. पण रोसाल्बाबाईंना इंग्रजी येत नाही, म्हणून त्या दिवसांत घरात स्पॅनिश चाललं होतं. पहिले तीन दिवस मी स्वतःच इतकी बोलत होते की त्यांच्या बोलण्याकडे लक्ष गेलं नाही. चौथ्या संध्याकाळी निखिल ऑफिसातून आला, आणि पाओला ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "उस्तेद या कोमियो?"

तुम्ही जेवलात का?

मी कांदा चिरत होते, माझी सुरी थांबली. निखिल म्हणाला, "नाही, तुमची वाट बघत होतो." तासाभरात मी मोजून पाच वेळा ऐकलं. तुम्ही किल्ली कुठे ठेवलीत, तुम्ही तो ईमेल पाठवलात का. लग्नाला एकच आठवडा उरलाय आणि नवरा-नवरी एकमेकांना तुम्ही-तुम्ही करताहेत. वर रोसाल्बाबाई स्वतःच्या पोटच्या मुलीलाही उस्तेद म्हणत होत्या.

सालामांकात माझी घरमालकीण एकदा नवऱ्यावर भडकली होती, तेव्हा दोन दिवस त्याला उस्तेद म्हणत होती. आपल्याकडेही तेच. आई जेव्हा मुलाला म्हणते, "या साहेब, आपण कुठे होतात इतका वेळ?" तेव्हा मुलाने समजून जायचं. मी समजले. पोरीचं मन फिरलंय, आईला माहीत आहे, म्हणून आई तिच्यावर चिडली आहे, आणि माझा भोळा मुलगा निमूटपणे सोसतो आहे. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि सकाळी उठले ती मोहिमेवर निघाल्यासारखी.

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट, सहावा दिवस

लग्नाच्या जेवणासाठी मक्याचं पीठ आणि पानेला आणायची होती. आइंडहोवनलाही मिळते, पण पाओलाच्या मते खरा माल झुइडओस्टलाच. म्हणून आम्ही तिघी बायका आगगाडीने अ‍ॅमस्टरडॅमला गेलो आणि तिथून मेट्रोने झुइडओस्टला. एका बाजूला काचेची ऑफिसं, दुसऱ्या बाजूला उंच इमारती, आणि खाली बाजारात जगातल्या सगळ्या भाज्या. सुरण, हिरवी केळी, कारली, आळूची पानंसुद्धा. फेल्डहोवनमध्ये पाच दिवस पाव-चीज पाहून माझे डोळे थकले होते, ते तिथे निवले.

लॅटिन अमेरिकन मालाच्या एका दुकानात रोसाल्बाबाईंनी एक तपकिरी ढेप उचलली, नाकाला लावली आणि माझ्या हातात दिली.

"पानेला," त्या म्हणाल्या.

मी वास घेतला. गूळ! उसाचा, जरा धुरकट वासाचा, शंभर टक्के गूळ. "थकून आलेल्या माणसाला आम्ही हे पाण्यातून देतो," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "आम्हीसुद्धा! गूळपाणी!" आम्ही दोघी ती ढेप मध्ये धरून लहान मुलींसारख्या हसत सुटलो. दुकानदाराला काही कळेना.

तो दुकानदार एका गिऱ्हाइकाशी 'वोस, वोस' करत बोलत होता. मी ताबडतोब म्हणाले, "तुम्ही अर्जेंटिनाचे!"

"नाही हो बाई. मी कोलंबियाचा. काली शहराचा. आमच्याकडे सगळे वोसच म्हणतात."

माझ्या नकाशावर तो गोल तिथे नव्हता. त्याच वेळी मी शहाणं व्हायला हवं होतं. पण नाही. दुकानदाराचं काहीतरी वेगळं असेल, असं म्हणून मी पुढे सरकले.

रोसाल्बाबाई पिठाच्या रांगेत थांबल्या. मी पाओलाला बाजूच्या बाकावर बसवलं, तिचा हात हातात घेतला आणि माझ्या उत्तमातल्या उत्तम स्पॅनिशमध्ये म्हणाले, "हे बघ मुली. मनात नसेल तर आत्ता सांग. कुणी तुला बोल लावणार नाही."

तिचा चेहरा पांढरा पडला. "काय मनात नसेल तर?"

"लग्न. मला सगळं दिसतंय. तुमच्यात काहीतरी बिनसलंय."

"निखिल असं म्हणाला?"

इथे मी "नाही" म्हणायला हवं होतं. सरळ, एका शब्दात. मी म्हणाले, "तो बोलत नाही. पण आईला कळतं."

तिने हात सोडवून घेतला. परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं, विचार करते आहे, बरं झालं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. हे लिहिताना लाज वाटते, पण थोपटत होते.

पाओला घरी आलीच नाही. आइंडहोवनला उतरली आणि मैत्रिणीकडे गेली. संध्याकाळी निखिल तिच्याशी फोनवर बोलून माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"आई, तू तिला काय बोललीस?"

"जे तुला बोलता येत नव्हतं ते."

"सीरियसली? अगं, तिला वाटतंय मी तुझ्याकडे तिची कम्प्लेंट केली! तिला वाटतंय तू लग्न थांबवायला आली आहेस. ती म्हणतेय, तुझ्या आईला मी नको असेन तर शुक्रवार कॅन्सल कर."

"पण मला तर..."

"आई, प्लीज." त्याने जॅकेट चढवलं. "तीन वर्षं झाली. तुला सहा दिवसांत काय दिसलं गं?"

मी सांगणार होते. पण त्याच्या डोळ्यांत पाणी बघितलं. दहावीच्या निकालालाही रडला नव्हता हा. तो सायकल घेऊन आइंडहोवनकडे गेला. मी स्वयंपाकघरात बसून राहिले. प्रथमच मनात आलं की कदाचित माझं चुकलंही असेल. पण काय चुकलं ते काही केल्या सापडेना.

फेल्डहोवन, सातवा दिवस

सकाळी घरात आम्ही दोघीच. रोसाल्बाबाईंना मुलीने फोनवर सगळं सांगितलं असणार. त्या माझ्याशी भांडल्या नाहीत. गॅसवर पातेलं ठेवलं, पानेलाचा खडा टाकला, आणि गूळपाण्याचा कप माझ्यासमोर ठेवून समोर बसल्या. भांडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

तेवढ्यात पुण्याहून ह्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी सवयीने सुरू केलं, "अहो, गोळी घेतलीत का? अहो, पाय खाली सोडून बसू नका, किती वेळा सांगितलं. आणि अहो, ती डब्यातली चिवड्याची पुरचुंडी तुमच्यासाठी नाहीये." हे हसले. मी लग्नाचं काही सांगितलं नाही, हवापाण्याचं बोलले आणि ठेवून दिला.

रोसाल्बाबाई कपावरून माझ्याकडे बघत होत्या.

"तुझ्या नवऱ्याचं नाव अहो आहे?"

एवढ्या दुःखातही मला हसू आलं. "नाही, नाही. आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत. तू पण म्हणत नाहीत. अहो म्हणजे... तुमचं उस्तेदच समज."

"आणि तो?"

"तो मला तू म्हणतो."

"किती वर्षं झाली?"

"छत्तीस."

त्यांनी कप खाली ठेवला. "छत्तीस वर्षं तू त्याच्यावर रागावलेली आहेस?"

"रागावलेली कशाला? अहो म्हणणं म्हणजे राग नव्हे. त्या शब्दात तर सगळा..."

आणि मी वाक्य अर्धंच सोडलं.

रोसाल्बाबाई थांबल्या. वर्गात मी थांबायचे तशाच, विद्यार्थ्याला उत्तर आपणहून सापडेपर्यंत.

"आमच्या बोयाकात," त्या सावकाश म्हणाल्या, "नवरा बायकोला उस्तेद म्हणतो, बायको नवऱ्याला. मी माझ्या मुलांना, कुत्र्याला, देवळातल्या संतालासुद्धा तेच म्हणते. माझा नवरा गेला तेव्हा शेवटचं मला म्हणाला, 'उस्तेद जेवून घ्या.' 'तू' कुणाला म्हणतो आम्ही? टाय लावून फोनचं कार्ड विकायला येतो ना, त्याला."

"आणि मी तुम्हाला सांगितलं, मला तू म्हण."

"हो," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, बाईंना अंतर हवंय. पाओला त्या रात्री रडली. पण शिकलेली बाई आहे, म्हणून आम्ही ऐकलं."

मी आयुष्यात पुष्कळदा तोंडघशी पडले आहे, पण इतकी सविस्तर कधीच नाही. मी कपाळाला हात लावून बसले. ज्या शब्दात मी माझा छत्तीस वर्षांचा संसार केला, तोच शब्द दुसरीच्या तोंडी ऐकला आणि मला भांडण दिसलं. 'अहो' म्हणजे भिंत नव्हे, हे मला ह्यांच्या बाबतीत माहीत होतं. सासूबाईंच्या बाबतीत मात्र मी ते कधी तपासूनही पाहिलं नाही.

"चला," मी उठले. "मला पाओलाकडे न्या."

बसने आइंडहोवनला गेलो. विद्यापीठाच्या आवारात, तिच्या प्रयोगशाळेच्या खाली, पाओला आणि निखिल दोघंही पायरीवर बसले होते. दोघांचे डोळे सुजलेले. मला बघून ती उभी राहिली. रागातही मोठ्या माणसासाठी उभी राहिली ती, हे माझ्या लक्षात आलं.

मी सालामांकाची सगळी टापटीप बाजूला ठेवली. "पाओला," मी म्हणाले, "माझी चूक झाली. निखिल मला एक अक्षर बोललेला नाही. तुम्ही त्याला उस्तेद म्हणता ते मी ऐकलं आणि मला वाटलं, तुम्ही त्याला परकं केलंत. मी मूर्ख म्हातारी आहे. तुम्ही मला क्षमा करा. आणि शुक्रवारी या. तुमच्याशिवाय आमचं घर नाही."

माझ्या पिढीतली पुण्याची बाई होणाऱ्या सुनेला तुम्ही-आम्ही करून माफी मागते आहे, हे आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला खरं वाटणार नाही. निखिल तर तोंड उघडं टाकून बघत होता.

पाओलाने आईकडे पाहिलं. रोसाल्बाबाईंनी मान हलवली. मग पाओला हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. "उस्तेद ऐकून?" ती म्हणाली. "एवढंच?"

"आई," निखिल म्हणाला, "तू अठ्ठावीस वर्षं स्पॅनिश शिकवलंस ना गं?"

"शिकवलं. आता सगळ्यांना फोन करून नकाशा दुरुस्त करायला सांगते."

खेमेंते, शुक्रवार

लग्न पंचवीस मिनिटांत लागलं. ते लावणाऱ्या डच बाईंनी दोघांची गंमतशीर हकिकत वाचून दाखवली आणि सह्या घेतल्या. मी पाओलाला हिरव्या बांगड्या भरल्या, रोसाल्बाबाईंनी निखिलच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. बाहेर आलो तर वारा असा की साडीचा पदर हातात राहीना. रोसाल्बाबाईंनी अंगातली रुआना काढून माझ्या डोक्यातून घातली.

"घाला हो, सुमर्से," त्या म्हणाल्या. "गारठा आहे."

सुमर्से हा शब्द मी कुठल्याच पुस्तकात शिकवला नव्हता. पाओलाने सांगितलं, पूर्वी मालकाला 'आपली मेहेरबानी' म्हणायचे, त्यातून तो आला. आता बोयाकात ज्याच्यावर जीव असतो त्यालाच म्हणतात. मी विहीणबाईंचा हात धरला आणि जेवायला घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

निघायच्या दिवशी निखिल विमानतळावर बॅगा तोलत होता. पाओला माझ्याजवळ आली. चारेक दिवस ती त्याच्याकडून काहीतरी घोकून घेत होती, ते मला दिसलं होतं.

"निखिलने सांगितलं," ती स्पॅनिशमध्ये म्हणाली, "की तो तुम्हाला अगं आई म्हणतो. मला पण म्हणता येईल. पण मला विचारायचं होतं, मी दुसरं म्हटलं तर चालेल?"

"कुठलं?"

तिने श्वास घेतला आणि मराठीत, एकेक अक्षर जपून, म्हणाली, "अहो आई, जेवलात का?"

निखिल पाळण्यात असल्यापासून मी ज्याला नाही म्हणत आले होते, तेच ते दोन शब्द. सासूबाईंची आठवण आली. त्यांना मी ते एकतीस वर्षं म्हटलं, आणि त्यांना ते कसं ऐकू येत होतं, हे एकदाही विचारलं नाही.

"जेवले, सुमर्से," मी म्हणाले, आणि तिला जवळ घेतलं.